तळहाताचा रंग

४ मार्च

ठकूस,

वर आशीर्वाद लिहावा की नाही यावर दहा मिनिटं घालवली. तीन वर्षांनी बापाचं पत्र यायचं आणि त्यात पहिलाच शब्द आशीर्वाद, हे तुला रुचणार नाही असं वाटलं. तो पाकिटात आहे असं समज. हवा असला तर काढून घे.

तुझी चिठ्ठी मिळाली. मे महिन्याच्या शेवटी बाळ होणार हे आईकडून कळलं होतंच, पण तुझ्या अक्षरात वाचलं तेव्हा खरं वाटलं. बाकी चिठ्ठी चार ओळींची. 'आई बाळंतपणाला येईलच. तुम्हालाही यायचं असेल तर माफी मागू नका, माफी तुम्हाला छान जमते. तो पहिल्यांदा आपल्या घरी आला त्या दिवशी तुमच्या मनात काय झालं ते लिहा. आणि आलात तर काय कराल ते लिहा.' तू शाळेत असताना मी तुझी तोंडी परीक्षा घ्यायचो. आता तू घे.

मला यायचंय. हे आधीच लिहून मोकळा होतो, नाहीतर पुढच्या पानांत ते कुठेतरी हरवेल. मला माझं नातवंड बघायचंय आणि तुलाही. तुझी आई दर महिन्याला डबा भरून गाडीत बसते, तुमच्याकडे दोन दिवस राहते आणि परत आली की पुढचे दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलते. कधी विचारलं तर म्हणते, 'मजेत आहेत,' आणि डबा घासायला घेते.

आता तुझे प्रश्न. त्या दिवशी माझ्या मनात विशेष काही झालं नाही. त्यानं हात पुढे केला आणि माझे हात रंगाचे होते. आमचा तो सिलिकॉनमधला रंग, एकदा लागला की आठवडाभर जात नाही, हे तुला माहीत आहे. पाहुण्याचा हात खराब होऊ नये म्हणून मी म्हणालो, 'राहू द्या, हात रंगाचे आहेत.' एवढ्यावरून तू त्याला घेऊन तशीच निघून गेलीस. राईचा पर्वत झाला असं माझं मत आहे, पण ते असो.

आलो तर दारातच त्याच्याशी हात मिळवीन. त्याच्या शेजारी बसेन. तो लिफ्ट दुरुस्त करतो असं तुझी आई सांगते, तर त्या कामाबद्दल विचारीन. चांगलं वागेन. यात अवघड काय आहे?

माझं काम तेच. इस्पितळाच्या मागची खोली, उत्तरेची खिडकी, काचेची पाटी, रंगांच्या बरण्या. ज्यांचा हात किंवा बोटं गेली त्यांच्यासाठी साचेवाला सिलिकॉनचा पंजा ओततो आणि मी त्याला माणसाचा रंग देतो. नवा माणूस आला की त्याचा धड हात माझ्या डाव्या हातात घेऊन अजूनही पाऊण तास खिडकीशी बसतो आणि उजव्या हातानं रंग जुळवतो. पाऊण तास हात हातात असला की माणसं घरातलं सगळं सांगून टाकतात. पूर्वी मजा वाटायची. आता कान किटले आहेत, डोळे चुरचुरतात आणि निवृत्तीला दीड वर्ष आहे.

गेल्या आठवड्यात एका शाळेचा पहारेकरी आला होता. त्यांच्यातलाच, म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखा काळा. आधी छापखान्यात होता, तिथे यंत्रात डावा पंजा गेला. मी त्याचं काम घेतलं. कुरकुर केली नाही. इतरांशी बोलतो त्याहून जास्त आदरानं बोललो, चहा मागवला. हे मुद्दाम लिहितोय, म्हणजे तुझा बाप माणसाला माणूस समजतो हे तुला कळेल.

तब्येतीला जप. जिने चढू नकोस.

बाबा


१९ मार्च

ठकूस,

मी चार पानं लिहिली आणि तुझं उत्तर तीन शब्दांचं. 'रविवार होता, बाबा.'

हो, रविवार होता. हात रंगाचे नव्हते. सकाळपासून दोनदा साबण लावून झाला होता, नखं कापली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. तू शनिवारी फोन केलास तेव्हापासून मी तयारी करत होतो. न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहून ठरवलं होतं की दार मी उघडायचं, हसायचं, 'या, बसा' म्हणायचं, हात मिळवायचा. तुझ्या आईनं विचारलंही, 'एकटेच काय पुटपुटताय?' मी म्हणालो, 'काही नाही.'

दार उघडलं. तुम्ही दोघं उभे. त्याचा हात पुढे आला. ठरवलेलं सगळं जागच्या जागी राहिलं आणि माझे हात पाठीमागे गेले. खोटं इतकं चटकन तोंडात आलं की क्षणभर मलाच ते खरं वाटलं. तो इथल्या भाषेत 'हरकत नाही' म्हणाला आणि त्यानं हात खिशात घातला. तू अजून बूटही काढले नव्हतेस. तुझी आई पाण्याचे पेले घेऊन आली होती ती तिथेच उभी राहिली.

मनात काय झालं? काळजी वाटली. खालच्या मजल्यावरच्या काकू काय म्हणतील, भावकीतले काय म्हणतील, रस्त्यानं जाताना तुम्हा दोघांकडे लोक कसे बघतील, उद्या मुलं झाली तर शाळेत त्यांना काय ऐकावं लागेल. बापाला काळजी वाटू नये का? तुला कुणी घालूनपाडून बोललं असतं तर मला सहन झालं नसतं. मग मीच पहिला बोललो, असं तुझी आई म्हणते. मी काही बोललो नव्हतो. हात मागे घेतला होता, एवढंच.

तू पुढे काय म्हणशील तेही माहीत आहे. 'तुम्हाला तर ठाऊक होतं.' ती म्हातारी. आपण देश सोडून या शहरात नवीन आलो होतो आणि माझी नोकरी जेमतेम महिन्याची होती. तिची दोन बोटं करायची होती. मी हात पुढे केल्यावर तिनं आपला हात मांडीवर घेतला, त्यावर रुमाल टाकला आणि म्हणाली, 'दुसरं कुणी नाही का?' ती गोरी आणि आपण हे असे. घरी येऊन ते सांगितलं तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. तू रडलीस आणि त्या रात्री माझा हात धरून झोपलीस. पुढे वीस वर्षं मी ती गोष्ट ज्याला त्याला ऐकवली. कुठे भेदभावाची गोष्ट निघाली की मी म्हणायचो, 'मला काय सांगता, मी भोगलंय.' ते माझं प्रमाणपत्रच होतं म्हण ना.

तुझ्या आईचं बोलणं अलीकडे फार तिखट झालंय. काल भाजी निवडता निवडता म्हणाली, 'परक्यांचे हात धरायचा तुम्हाला पगार मिळतो. घरच्याचा फुकट धरवला नाही.' मी वर्तमानपत्र उघडलं आणि अर्धा तास एकच पान वाचत बसलो.

पहारेकऱ्याचा पंजा परवा दिला. त्यानं चढवला, उलटसुलट करून पाहिला, आभार मानले, गेला. काम वेळेत झालं.

आता तरी हो म्हण. मी खरं लिहिलंय.

बाबा


६ एप्रिल

ठकूस,

तू उत्तर पाठवलं नाहीस. बरं केलंस. काळजीचं जे लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, पण ती दुसऱ्या दिवशीची काळजी होती. दारात उभा होतो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्या मनात नव्हत्या.

सोमवारी पहारेकरी परत आला. पंजा कापडी पिशवीत होता. खुर्चीवर बसला, पंजा चढवला आणि दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. 'बघा,' म्हणाला.

मी पाहिलं. त्याच्या उजव्या हाताचा तळवा त्याच्या हाताच्या पाठीपेक्षा कितीतरी फिकट. तसा तो असतोच त्यांचा, हे रस्त्यावरच्या पोरालाही माहीत असतं. आणि माझा डावा पंजा आतून बाहेरून एकाच गडद रंगाचा. पाठीचा रंग मी तळव्यालाही फासून दिला होता. माणसाचा हात नव्हता तो, हातमोजा होता.

त्याचं काम ऐक. शाळा भरताना आणि सुटताना तो रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवायला दोन्ही हात वर करतो, तळवे गाड्यांकडे. सगळ्या जगाला दिवसातून दोनदा तळवे दाखवायचे हीच त्याची नोकरी. मुलांनी विचारलं, 'काका, हा हात कुणाचा?' तो म्हणाला, 'माझाच.' तर एक मुलगी म्हणाली, 'मग हा आतून पण बाहेरसारखाच का आहे?' त्यानं हे सांगितलं तेव्हा साचेवाल्याला हसू आलं आणि त्यानं लगेच खोकल्यासारखं केलं.

'मग दोन दिवस हा पिशवीत ठेवला आणि एकाच हातानं रस्ता पार करून दिला,' पहारेकरी म्हणाला. 'शुक्रवारी एका बाजूची गाडी थांबली नाही. कुणाला लागलं नाही. पण थांबली नाही.'

आमच्या विभागाच्या मोठ्या बाई तिथेच होत्या. त्यांनी फाइल मागवली. प्रत्येक माणसाच्या फाइलीत रंगाच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. हाताची पाठ, तळवा, नखांचं मूळ, बोटांच्या बेचक्या, अशा निदान सहा, प्रत्येक चिठ्ठी तो हात हातात धरून रंगवलेली. सव्वीस वर्षांत माझी एकही फाइल अपुरी नव्हती. याच्या फाइलीत चिठ्ठी नव्हतीच. एक फोटो होता. हाताच्या पाठीचा.

बाईंनी फाइल मिटून टेबलावर ठेवली आणि 'पुन्हा करा' म्हणाल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आता जे झालं ते लिहितो. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याचा हात धरला नाही. 'तुम्ही आरामात बसा, हात टेबलावर ठेवा, आज उजेड बरोबर नाही, फोटोवरून जुळवतो,' असं म्हणालो. उजेड लख्ख होता. चहा मागवला तो त्याचा हात कपात अडकून राहावा म्हणून. उंटावरून शेळ्या हाकल्या. आणि तुला पत्र लिहिताना मी तोच चहा माझ्या चांगुलपणाचा पुरावा म्हणून मांडला.

हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. इतकी वर्षं त्यांच्यातलं कुणी आलं की मी काहीतरी सबब काढायचो आणि ते काम शेजारच्या टेबलावर सरकवायचो. तिथे एक बाई होत्या, त्या निमूट करायच्या. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. नाहीतर हेही उघडं पडलं नसतं.

मनात काय होतं? तू विचारलं होतंस आणि मी दोनदा टाळलं. आधी अंग आकसतं. गोगलगायीला काडी लावल्यावर ती आकसते तसं, विचार यायच्या आतच. मग भीती वाटते की त्याला हे दिसलं तर नाही ना. मग मी गोड बोलायला लागतो, फार गोड. आणि शेवटी राग येतो, त्याच्यावरच, की याच्यामुळे मी माझ्याच नजरेतून उतरलो. आपल्या दारात चार सेकंदांत हे सगळं होऊन गेलं. त्यातलं जे पहिलं आहे त्याला आपल्या भाषेत शब्द आहे. तो लिहायला मला चार दिवस लागले. शिसारी. पाल अंगावर पडली की येते ती.

लिहिलं एकदाचं. कुठून आली ती, ते मला सांगता येत नाही. कुणी पाटीवर गिरवून घेतली नव्हती. तुझी धाकटी आत्या सावळी होती, तिला आम्ही फोटोत मागच्या रांगेत उभं करायचो आणि मी तिला कोळसा म्हणायचो. तीही हसायची. तिला त्यात हसू येत असेल असं आता वाटत नाही.

फार दमलोय गं. हे पत्र वाचून तुला काय वाटेल याचा विचार आज करवत नाही.

बाबा


२४ एप्रिल

ठकूस,

काल पहारेकरी दुसऱ्या बैठकीला आला. मी खिडकीशी खुर्ची ठेवली, डावा हात पुढे केला आणि म्हणालो, 'द्या.' त्यानं दिला.

तुला वाटत असेल की आता मी लिहीन, हात धरला आणि सगळं धुऊन गेलं. तसं काही झालं नाही. पहिली दहा मिनिटं मी नुसता दात आवळून बसलो होतो. माझ्याच हाताला घाम आला. नंतर काम सुरू झालं आणि कामात ते मागे पडलं. त्या तळव्याला एक रंग नव्हताच. रेषांत गडद, अंगठ्याखाली फिकट, बोटांच्या टोकांशी गुलाबीकडे झुकलेला, आणि पाठीचा रंग जिथे तळव्याला भेटतो तिथे कडेनं एक पट्टा, तो तर कितीदा खरवडून पुन्हा केला. अकरा चिठ्ठ्या झाल्या. पाऊण तासाचे दोन तास झाले.

मी मधेच म्हणालो, 'गेल्या वेळी माझं चुकलं.' तो म्हणाला, 'हो.' थोड्या वेळानं म्हणाला, 'पहिल्या दिवशी तुम्ही फार गोड बोललात. तेव्हाच समजलं होतं. फार गोड बोलणाऱ्यांपासून मी आधी सावध होतो.' मी विचारलं, 'मग तेव्हाच का बोलला नाहीत?' त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न परत घ्यावा. 'साहेब, ज्यानं ज्यानं हात मागे घेतला त्याला त्याला बोलत बसलो असतो तर शाळा कधी सुटली असती? मला पंजा हवाय. सुट्टी संपायच्या आत द्या.' मग उरलेला वेळ त्यानं मला त्याच्या गुडघेदुखीचं सगळं पुराण ऐकवलं. कुठलं तेल, कुठला डॉक्टर, कुठला पट्टा. माणसं पाऊण तासात घरातलं सगळं सांगतात म्हणून मी लिहिलं होतं, यानं मला फक्त गुडघे दिले. बाकी काही द्यायला तो बांधील नव्हता.

तो गेल्यावर मी हात धुवायला उठलो. नळाशी जाऊन थांबलो, कारण मला कळेना की मी रंग धुतोय की काय धुतोय. बराच वेळ नळ वाहत राहिला. साचेवाला म्हणाला, 'पाणी जातंय.' मी नळ बंद केला आणि तसाच परत येऊन बसलो.

आता तुझा दुसरा प्रश्न, आलो तर काय करीन. पहिल्या पत्रातली ती यादी फाडून टाक. दारात हात मिळवीन, शेजारी बसेन, लिफ्टचं विचारीन. आरशासमोरही मी हेच ठरवलं होतं. ठरवायला माझं काय जातं? ठरवण्यात मी पटाईत आहे.

खरं सांगू का, मला भीती बाळाची वाटते. तुझी आई म्हणते, 'नातवंड मांडीवर आलं की सगळं विसराल.' ती भाबडेपणानं म्हणते. मी सव्वीस वर्षं माणसाकडे पाहतो ते आधी रंग बघायला. बाळ माझ्या हातात दिलंस आणि मी पहिल्यांदा त्याचा रंगच पाहिला तर? आणि अंग आकसलं तर? तुझं बाळ, आणि मी. धंद्याची सवय आहे असं मी म्हणू शकतो, पण तीही सबब असेल. सबबी आता मलाच ओळखू यायला लागल्यात.

तेव्हा मला इतकंच लिहिता येतं. अंग आकसलं तर हात मागे घेणार नाही. आणि ते तुला दिसलं आणि तू बाळ माझ्याकडून काढून घेतलंस तर रागावणार नाही, तिथेच बसून राहीन. यापेक्षा चांगलं आश्वासन माझ्याजवळ नाही. चांगली आश्वासनं देऊन झाली आहेत.

तुझ्या आईनं बावीस मेचं तिकीट काढलंय. माझं काढलेलं नाही. मी तुझ्या उत्तराची वाट पाहतो.

बाबा


११ मे

वरची जागा रिकामी ठेवली आहे, कारण तुम्हाला काय म्हणून हाक मारायची ते मला अजून ठाऊक नाही. पत्र तुम्हालाच आहे. तिला नाही.

काल तिचं उत्तर आलं. त्यात लिहिलंय: 'बाबा, तुमची सगळी पत्रं तो वाचतो. गेली दोन वर्षं तो आपली लिपी शिकतोय. हळू वाचतो, बोट ठेवून, पण मदत घेत नाही. एप्रिलच्या पहिल्या पत्रात मात्र त्यानं मला एका शब्दाचा अर्थ विचारला. शिसारी. मी सांगितला. त्यानं मान हलवली आणि पुढे वाचायला लागला. तुम्ही यायचं की नाही हे आता मला विचारू नका.'

मी ते वाचलं आणि उठून गॅलरीत गेलो. तुमची सासू म्हणाली, 'काय लिहिलंय?' मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि माझ्यासाठी खुर्ची आणली, म्हणजे माझा चेहरा बरा दिसत नसावा.

तुम्ही वाचाल अशी मला कल्पना नव्हती. कल्पना असती तर मी तो शब्द लिहिला नसता. 'संकोच' लिहिला असता, 'अवघडलेपण' लिहिलं असतं, एखादा सभ्य शब्द शोधला असता. म्हणजे पुन्हा गोड बोललो असतो. तेव्हा तुम्ही तो वाचला हे बरं झालं असं मी म्हणू शकत नाही, आणि वाईट झालं असंही म्हणायचा मला हक्क नाही. एका माणसाला स्वतःबद्दलच्या असल्या शब्दाचा अर्थ आपल्या बायकोला विचारावा लागला आणि तो शब्द माझा होता. एवढं माझ्यापाशी राहू द्या.

मला आता दिसतंय की मी दोन महिने तिची समजूत घालत होतो. हात तुमचा होता आणि परवानगी तिची मागत होतो. चारही पत्रांत तुम्ही 'तो' आहात. तुमच्या घरी यायला मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

एक गोष्ट मी कुणालाच लिहिली नाही. तिला ठाऊक नसावी, ती तरातरा जिना उतरून पुढे गेली होती. तुमच्या सासूलाही नाही, ती स्वयंपाकघरात जाऊन रडत होती. तुम्ही अर्ध्या जिन्यात थांबलात, वळलात आणि मला म्हणालात, 'येतो.' आमच्या भाषेत. तेव्हा तुम्हाला ती भाषा येत नव्हती. त्या दिवसासाठी चार शब्द शिकून आला असाल आणि बाकीचे तीन वापरायची वेळच आली नाही. असं म्हटल्यावर घरच्या माणसानं 'या' म्हणायचं असतं. शत्रूलाही म्हणतात. मी दार लावलं.

तिनं मला त्या दिवशीचं सगळं लिहा म्हटलं होतं. शिसारी लिहिली, पण हे तिला लिहवलं नाही. शिसारी अंगातून आपोआप आली असं तरी म्हणता येतं. दार मी माझ्या हातानं, विचार करून लावलं होतं.

तुम्ही मला क्षमा करावी म्हणून हे लिहीत नाही. पहारेकऱ्याचा पंजा परवा नेला त्यानं. दोन्ही तळवे माझ्यासमोर धरून जुळतात का ते पाहिलं, 'ठीक आहे' म्हणाला आणि गेला. मागे वळला नाही. तुमच्याकडूनही त्याहून जास्त मी मागत नाही.

तुमच्या सासूची गाडी बावीस तारखेला सकाळी निघते. त्या गाडीत मी बसावं की नाही ते तुम्ही ठरवा. उत्तर 'नाही' असलं तर मी इथे राहीन आणि तिच्यापाशी तुमच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. फक्त ते उत्तर तुमच्या बायकोकडून लिहवून घेऊ नका. तुम्ही स्वतः लिहा. चुका होतील म्हणून थांबू नका. तुमचं अक्षर मी अजून पाहिलेलं नाही.